मागल्या दारचा अग्नी

जो यज्ञकुंडात बसून देवांना त्यांचा हविर्भाग पोहोचवतो आणि तेवढ्याच आनंदाने मातीच्या चुलीत बसून माणसाची पेज शिजवतो, त्या अग्निनारायणाला प्रथम वंदन करतो. जिच्या पळीतून चराचराला घास मिळतो त्या अन्नपूर्णेला, आणि आमच्या गावाची सीमा राखणाऱ्या ग्रामदेवतेला नमस्कार करतो. आज वैशाखातला रविवार आहे. मागल्या दारी आमची सून मसाला वाटते आहे, मुलगा करवंट्या फोडून ठेवतो आहे, आणि निखारे तयार होईपर्यंत मला काही काम नाही. त्या अवकाशात यंदाच्या उन्हाळ्याची हकीकत लिहून ठेवावी, एवढेच या लेखनाचे निमित्त.

मी पेडणे तालुक्यातील एका आतल्या गावात राहतो. तरुणपणी पाठशाळेत संस्कृत शिकलो, पुढे तेच शाळेतील मुलांना शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर गावातील होमहवन, वास्तुशांती, सत्यनारायण अशी कार्ये करत आलो. पाठशाळेत असताना गुरूंकडून मंत्र घेतला, त्या दिवसापासून मत्स्यमांस वर्ज्य केले. माझी पत्नी मात्र हरमलची. समुद्राच्या गाजेत वाढलेली. नुस्ते, म्हणजे मासळी, तिला मातृभाषेसारखे. लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी एकच गोष्ट विचारली होती, "आमच्या मुलीला नुस्ते खाऊ द्याल ना?" मी होय म्हणालो आणि तो शब्द दोघांनीही आपापल्या परीने पाळला. सोमवार, एकादशी, संकष्टी हे दिवस ती माझ्यासारखीच जेवे. इतर दिवशी आधी मला वाढून ती मागल्या दारी जाई.

मागल्या दारी माडाच्या सावलीत आमची रांदण आहे, म्हणजे दगडांची उघड्यावरची चूल. आमच्याकडे मांस-मासळी आतल्या स्वयंपाकघरात शिजत नाही. रांदणीची भांडी वेगळी, विळी वेगळी, आणि ती घासून मागल्या पडवीतच उपडी घालायची. पत्नी आपले ताट घेऊन त्या पडवीत बसे, मी पुढच्या सोप्यावर पोथी घेऊन बसे. मध्ये अख्खे घर. इतक्या वर्षांच्या संसारात ती मासळी कशी खाते, हे मी कधी पाहिलेच नव्हते, हे यंदा माझ्या ध्यानात आले.

माघात तिला ताप आला. तो बरेच दिवस रेंगाळला. म्हापशाच्या इस्पितळात ठेवावे लागले. ताप गेला, पण जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. घरी आणल्यावर मी देवापुढे उदबत्ती लावली, तर ती म्हणाली, "आज उदबत्ती नाही लावलीत?" तेव्हा मला कळले. भात तोंडात धरून ती बसून राही. "कापूस चघळते की भात, समजतच नाही," म्हणे. कधी जीभ खोटे सांगे. साधी पेज कडू लागे, पाणी गोड लागे. दोन घास झाले की ताट बाजूला. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या.

तपासणीला नेले तेव्हा डॉक्टर स्पष्ट बोलले. औषधांचे काम संपले आहे, आता अन्न पोटात गेले पाहिजे. वैशाख लागताच पुन्हा आणा, तोपर्यंत अंग धरले नाही तर दाखल करून नळीने अन्न द्यावे लागेल. परतीच्या वाटेवर पत्नी खिडकीबाहेर बघत राहिली आणि गावाची कमान दिसल्यावर एवढेच म्हणाली, "नळीने नको हं मला."

मुलगा पहाटेच्या बसने पणजीला नोकरीवर जातो. सून औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे, तिची बस त्याच्याही आधी येते. तिचे वडील कोल्हापूरकडचे, खनिज वाहतुकीच्या कामासाठी सुर्ल्याला आले आणि तिथलेच झाले. मुलगी कामसू आणि तोंडाची मोकळी. "मी रजा टाकते," ती म्हणाली. सासूने साफ नाकारले, "माझ्यापायी नोकरी घालवू नकोस. मी काय तान्हे मूल आहे?" सून पहाटे काहीबाही करून ठेवी, पण दुपारपर्यंत ते गार होई, आणि गार अन्नाकडे पत्नी पाहीना. रात्री तर तिला घास जातच नसे. जे काही पोटात जायचे ते दुपारीच, आणि दुपारी घरात आम्ही दोघेच.

अशाच एका दुपारी शेजारच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या बेळगावकडच्या कामगाराने अंगणात निखाऱ्यावर बांगडे भाजायला टाकले. मी पत्नीच्या खाटेशी बसून तिला पेज घेण्यासाठी विनवत होतो. तिने एकाएकी मान उचलली.

"कोणीतरी बांगडो भाजतंय."

"वास आला तुला?"

"जरासा. म्हणजे... आला खरा." ती बराच वेळ नाक वर करून बसली. "आई भाजायची असा. करवंटीच्या निखाऱ्यावर. तळलेला नव्हे, भाजलेला." मग उशीवर डोके टेकून म्हणाली, "जाऊ दे. कोण भाजणार आता."

"मी."

तिने डोळे उघडले. "तुम्ही? तुम्ही नुस्त्याला हात लावणार? आणि त्याच हातांनी सकाळी देवाची पूजा?"

"आधी देव, मग नुस्ते, मग स्नान, मग सांजवात. क्रम ठरला."

"आणि व्रत?"

"व्रत न खाण्याचे आहे. खाऊ घालण्याविषयी गुरूंनी काही सांगितलेले नाही."

तिने पेजेचे आणखी दोन चमचे घेतले. मी ते संमतीचे चिन्ह मानले.

हरमलहून स्कूटरवर पाटी बांधून येणारी मासेविक्रेती आमच्या वाडीत सकाळी उशिरा पोहोचते. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी वाटेवर जाऊन उभा राहिलो. तिने स्कूटर थांबवली, मला पाहिले, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "गुरुजी, तुमी? आज सूर्य खंयच्यान उगवलो?"

"बांगडे हवेत. घरच्या माणसासाठी."

तिचे हसू थांबले. "बाय कशी आसा?"

"जेवत नाही."

तिने पाटीतले ताजे ताजे निवडले, पोटे साफ करून केळीच्या पानावर ठेवले. "चिरो घरी मारा, दोनय बाजूंनी." मी पान दोन्ही हातांनी, नैवेद्य धरावा तसे, अंगापासून दूर धरले. त्यावर तिला राहवले नाही. "गुरुजी, तो मेललो आसा. चावचो नाय तुमका!"

पहिल्या दिवशीचा प्रकार आमच्या घरात अजून सांगितला जातो, म्हणून मीच तो आधी सांगितलेला बरा.

पत्नी आत निजली होती. मसाला सुनेने आदल्या रात्री वाटून ठेवला होता. लाल मिरची, लसूण, मिरी, आणि बांगड्याला आमच्याकडे ज्यावाचून चालत नाही ते तिरफळ. त्यात कोकमाचे आगळ घालून मी माशांना चोळले. रांदणीत नारळाची सोडणे, म्हणजे वरची सुकी सालपटे, पेटवली, वर करवंट्या रचल्या. येथवर सर्व यथासांग झाले. अग्नी पेटवणे मला कोणी शिकवायला नको. मुलाने म्हापशाच्या बाजारातून आणलेली लोखंडी जाळी वर ठेवली, मासे मांडले. सुनेने बजावले होते, "बाबा, वरून जरा तेल सोडत राहा." तेलाची वाटी बाजूलाच होती. पण माझ्या हातांना अग्नीजवळ तुपाखेरीज दुसरे काही ठाऊकच नव्हते. मी देवघरालगतच्या फळीवरून तुपाचे भांडे आणले, पळी भरली, आणि ओतली.

ज्वाला उठली. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहत कुंडाशी बसलो, तसाच तो क्षण. होमात समिधा धुमसत राहिल्या तर यजमानाचा चेहरा उतरतो. ज्वाला उठली, त्यातही ती उजवीकडे वळली, की सर्वांना प्रसन्न वाटते. ही ज्वाला उजवीकडेच वळली. मला शुभशकुन वाटला. मी दुसरी पळी घातली.

मागून पत्नीचा आवाज आला. वासाने असो वा उजेडाने, ती उठून दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"अहो! अहो, तो होम नव्हे! कोणाला पाठवताय माझा बांगडो?"

मी पळी हातात धरून तसाच थांबलो.

"आता स्वाहा तेवढे म्हणा," ती म्हणाली, "म्हणजे उरलेलाही तिकडेच पोहोचेल." आणि ती हसू लागली. आजारपणानंतर प्रथमच. हसता हसता तिला धाप लागली, मी धावत जाऊन तिला धरले, आणि तिकडे तोवर आमचे बांगडे बाहेरून कोळसा झाले. आत उघडून पाहिले तर काट्याजवळ कच्चे. ते मांजराच्या वाट्याला गेले. पत्नीने त्या दिवशीही पेजेवरच भागवले, परंतु हसण्याने तिच्या गालांना थोडा रंग आला होता, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या तयारीला लागलो.

तिची खाट मी मागल्या पडवीत आणून ठेवली. तिथून तिला रांदण दिसे आणि मला तिचे बोलणे ऐकू येई. मग सुरू झाले माझे दुसरे अध्ययन. पाठशाळेत गुरुजी चुकलेल्या उच्चारासाठी आमच्याकडून पाठ पुन्हा पुन्हा म्हणवून घेत, तशी ही मला निखारे पुन्हा पुन्हा रचायला लावी.

"जाळ दिसतोय तोवर जाळी ठेवायची नाही. थांबा."

"झाले का?"

"राख धरू दे वर. पांढरी साय येते ना दुधावर, तशी. आता हात धरून बघा. पोळतोय?"

"सोसवतो, पण बेताने."

"मग ठेवा."

होमाग्नी वाढवायचा असतो, हा अग्नी निववत आणायचा असतो. ज्वाला विझून तेज आत गेल्यावरच तो या कामाला योग्य होतो. हे समजायला मला सोपे गेले नाही. हात पंख्याकडे जाई. ती खाटेवरून नुसते "हं" म्हणे, आणि मी पंखा खाली ठेवी.

उलटण्याची घाई हा माझा दुसरा दोष. मी चिमट्याने मासा उचलू लागे, कातडी जाळीला चिकटून राही आणि मांस उघडे पडे. "ओढू नका हो त्याला," ती कळवळून म्हणे. "खालची बाजू झाली की जाळी आपणहून सोडते. तोवर हात मागे." खरोखरच तसे होते. ज्या माशाला क्षणापूर्वी जाळी सोडत नव्हती, तोच थोड्या वेळाने चिमटा लागताच सहज उलटतो.

मिठाची अडचण सर्वांत मोठी. मला व्रतामुळे चाखता येत नव्हते, आणि तिला चाखूनही कळत नव्हते. मसाल्याचे बोट जिभेला लावून ती डोळे मिटून घेई, दूरच्या वाडीतून कोणी हाक मारते आहे का ते ऐकत असल्यासारखी. मग मान हलवी. "काही नाही." अखेर तिने माझा उजवा हात हाती घेतला, तळव्यावर मीठ ओतले आणि म्हणाली, "या रेषेपर्यंत. आईने मला असेच शिकवले." ती माझी आयुष्यरेषा होती. तेवढे मीठ, त्याच्या निम्मी हळद. त्या दिवसापासून आमच्या घरचे मीठ माझ्या आयुष्यरेषेने मोजले जाऊ लागले.

ती खाऊ लागली, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण गिळू लागली. "चव नाही, पण वास येतो," म्हणे. "वासाच्या पाठीमागून घास जातो." मी तिच्याजवळच बसू लागलो, कारण कोणी बसले नाही तर ती थांबे. तेव्हा प्रथमच मी पाहिले की ती बांगडा कसा खाते. शेपटीकडून बोट घालून एकाच ओढीत सगळा काटा ती बाहेर काढी, अखंड, कंगव्यासारखा, आणि ताटाच्या कडेला ठेवी. इतकी सुबक क्रिया माझ्या घरात रोज घडत होती. मी तसे बोलून दाखवले. ती लाजली. "त्यात काय मोठे? हरमलला कुत्र्यामांजरांनाही येते."

सोमवारी मासळी नसे. त्या दिवशी नीरफणसाच्या चकत्यांना तोच मसाला लावून मी त्या भाजत असे आणि आम्ही दोघे एकाच पानावर जेवत असू. हळूहळू इतर दिवशीही पहिली पाळी नीरफणसाची झाली. स्वच्छ जाळीवर आधी माझ्या चकत्या, त्या उतरल्यावर तिची मासळी. एकाच निखाऱ्यावर दोघांची जेवणे. शेजारचा बेळगावकर एकदा कुंपणावरून म्हणाला, "गुरुजी, आता तुमच्या निखाऱ्याच्या वासानं माझी भूक चाळवाया लागली बघा." त्यालाही चकत्या पाठवल्या. त्याच्याच निखाऱ्याने आम्हाला वाट दाखवली होती.

पण जीभ मात्र मुकीच होती. चैत्र सरत आला. कोकमाच्या झाडावरचे रातांबे लाल होऊ लागले. तपासणीचा दिवस जवळ येत होता, आणि पत्नी जे खात होती ते माझ्यासाठी खात होती, हे मला दिसत होते. जबरदस्तीने किती दिवस घास जातील? अर्धा बांगडा पाव झाला होता. एकदा तिने मासा ताटात तसाच ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही एवढे करता म्हणून. नाहीतर मला काही नको वाटते." मी पूजेत त्या दिवशी काहीच मागितले नाही. काय मागावे, हे देवीला माझ्याहून आधी ठाऊक होते.

आणि मग ती दुपार आली.

नेहमीप्रमाणे मीठ रेषेपर्यंत, हळद निम्मी, आगळ, मसाला. निखाऱ्यांवर साय आली. बांगडे आपणहून सुटले. मी पान तिच्यापुढे ठेवले. तिने पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला.

"मीठ किती घातलेत?"

"रेषेपर्यंत. रोजच्यासारखे."

तिने पुन्हा कणभर जिभेवर ठेवला. "खारट लागतोय."

मनात उसळलेला आनंद मी आवरला, कारण याच जिभेने पेज कडू आणि पाणी गोड म्हटले होते. मीठ तर मी मोजून घातले होते. मग हा खारटपणा माशात होता की जिभेच्या खोटेपणात?

माझी दृष्टी त्या पानावर गेली. एक कण जिभेवर ठेवला असता तर त्याच क्षणी उलगडा झाला असता. मी काही बोललो नव्हतो, तरी ती म्हणाली, "नको हं."

"एक कणच."

"तुमचे व्रत मोडून मला जीभ नको." तिने पान आपल्याकडे ओढून घेतले. "संध्याकाळी सून येईल. ती सांगेल."

शेजारी कामावर गेला होता. मी एक तुकडा मांजराला घालून पाहिला. ते सर्वच पदार्थ सारख्याच आनंदाने खाते, त्याची साक्ष ग्राह्य धरता येईना. उरलेला बांगडा मातीच्या झाकणाखाली ठेवला. पत्नीने भात आणि सोलकढी घेतली. सोलकढीबद्दल विचारले तर म्हणाली, "आता काही विचारू नका. माझी मलाच खात्री नाही." ती दुपार फार संथ गेली. मी पोथी उघडली, पण एकाच पानावर राहिलो. ती खाटेवर डोळे मिटून पडली होती, झोपलेली नव्हती.

कारखान्याची बस वाजली तेव्हा ती उठून बसली. "तिला काही सांगू नका," ती घाईने म्हणाली. "सांगितले तर माझ्या समाधानासाठी हो म्हणेल."

सून पाय धुऊन मागल्या दारी आली. मी म्हणालो, "आजचा बांगडा जरा बघ बरे कसा झाला आहे." तिने झाकण काढले, तुकडा तोडला, तोंडात टाकला. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. तिने तो गिळला.

"छान झालाय बाबा," ती म्हणाली.

पत्नीचा चेहरा मी पाहू शकलो नाही. तिने हळूच खाटेवर अंग टेकले आणि भिंतीकडे तोंड केले. तेवढ्यात सून उठली, माठातून पेलाभर पाणी घेतले, उभ्यानेच प्यायली, पुन्हा पेला बुडवला.

भिंतीकडून आवाज आला, "एवढे पाणी का पितेस गो?"

"उन्हातनं आलेय आई."

"खरे सांग."

सून माझ्याकडे पाहून चुळबुळ करू लागली. "आई, आता बाबा एवढ्या उन्हात बसून करत्यात... मी काय म्हणू?"

"तुला माझी शपथ आहे. कसा झालाय?"

"लई खारट झालाय ओ!" सुनेला राहवले नाही. "समुद्र ओतलाय की ह्यात! रागावू नका बाबा, पण जिभेला पार झिणझिण्या आल्या."

पत्नी उठून बसली. "खारट आहे?"

"व्हय."

"खारट आहे!" ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला. सून गोंधळून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहू लागली. "आवं, बिघडलाय म्हणतेय मी, आणि तुम्ही दोघं हसताय काय, रडताय काय!" मी तिला सर्व सांगितले. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि सासूचे पाय धरून स्वतःच रडू लागली. "मग मघाशी खोटं बोलले की मी! देवा, असली खोटं बोलायची खोड..." पत्नीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सासऱ्याची अब्रू राखलीस गो. पण पुढच्या वेळी माझी जीभ राख."

मी रांदणीपाशी गेलो. निखारे केव्हाच निवले होते. राखेला हात जोडले, आणि त्या राखेचे बोट कपाळाला लावले, जसे होमानंतर लावतो.

मीठ जास्त कसे झाले, हे दुसऱ्या दिवशी कळले. मासेविक्रेतीने माझे म्हणणे ऐकून कमरेवर हात ठेवले. "गुरुजी, काल तुमका सांगलंय नाय? वाटेत टायर फुटलो, उशीर झालो, म्हणून मीठ लावन हाडललंय. तुमी मान हलयलात!" मान हलवली असेन. ती बोलत असताना मी मनात जप करत होतो. हे ऐकून पत्नी म्हणाली, "जपाचे फळ मिळाले, मग तक्रार कसली?"

त्यानंतरच्या गोष्टी लहान आहेत. आधी मीठ परतले, मग आंबट, मग हळूहळू तिरफळाचा तो झोंबरा सुगंध. पाव बांगड्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा एक, आणि एके दिवशी तिने जाळीकडे बघून विचारले, "दुसरा नाही ठेवलात?" वैशाखात डॉक्टरांनी तपासले, वजन पाहिले आणि दाखल करण्याचा विषय काढलाच नाही. काय खाऊ घातलेत, असे त्यांनी विचारले. पत्नी म्हणाली, "ह्यांनी होम केला." डॉक्टरांनी मोठ्या आदराने मान डोलावली. मी खुलासा केला नाही.

तपासणी झाली, पण मागल्या दारचा अग्नी आम्ही विझू दिला नाही. आता दर रविवारी तेथे सर्वांचे जेवण असते. आज सुनेचा दिवस आहे. तिने कोंबडी रात्रीच दह्यात, कच्च्या पपईत आणि माहेरच्या मसाल्यात मुरवून ठेवली आहे. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव सकाळीच आले आहेत. थोड्याच दिवसांत पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्याला लागतील आणि ताजी मासळी दुर्मिळ होईल, म्हणून पत्नीने इस्वणाचे, म्हणजे सुरमईचे, जाड तुकडेही सांगून ठेवले होते, ते आगळात पडून आहेत. नीरफणसाची पहिली पाळी माझी. माझी खाट आणि पोथी आता मागल्या पडवीत असतात. पुढचा सोपा पाहुण्यांसाठी.

आता तिची हाक येते आहे. "अहो, निखाऱ्यांवर साय आली! आणि ह्या मसाल्यात मीठ कमी आहे, इकडे या, हात पुढे करा." मला उठले पाहिजे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, अग्निनारायण तुमच्या घरी सदैव सौम्य रूपाने नांदो. तुमच्या चुलीत निखारा असो आणि त्यावर धीराने बसणारे कोणी असो. तुमच्या घरातल्या आजारी माणसाला भूक लागो, आणि मीठ कमी-जास्त झाल्याचे बेधडक सांगणारे माणूस तुमच्या पंक्तीला अखंड बसलेले असो. अन्नपूर्णा तुमच्या कुटुंबाचे कल्याण करो.